पोषक द्रावण (बिनमातीची शेती)

मातीऐवजी नुसत्या पाण्यात, किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पर्लाइट (फुगवलेल्या खडकाचे हलके दाणे) अशा माध्यमात वाढणाऱ्या झाडाला जवळजवळ सगळी अन्नद्रव्ये पाण्यातूनच द्यावी लागतात. त्यासाठी ठरावीक क्षार विरघळवून केलेले पाणी म्हणजे पोषक द्रावण. माती कमी-जास्त झालेले खत धरून ठेवते आणि हळूहळू सोडते. द्रावणात ही सोय नाही. म्हणून घरात दिव्यांखाली केलेली लागवड साधते ती महागड्या खतामुळे नव्हे, द्रावण वरचेवर तपासून दुरुस्त केल्यामुळे.

१८६० च्या दशकात जर्मनीत युलियुस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी मोजक्या क्षारांच्या पाण्यात झाडे वाढवून दाखवली. आज प्रयोगशाळांत सर्रास वापरले जाते ते कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेनिस होगलंड यांच्या नावाचे द्रावण. त्यात लिटरमागे नत्र सुमारे २१०, फॉस्फरस ३१ आणि पोटॅशियम २३५ मिलिग्रॅम असते. हे प्रमाण कोवळ्या रोपांना जड जाते; त्यांना पाव किंवा निम्म्या ताकदीचे द्रावण पुरते.

मोजायच्या गोष्टी दोन. पहिली सामू (पीएच), म्हणजे द्रावण किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचे माप. तो साधारण ५.५ ते ६.५ च्या दरम्यान असावा. त्याहून वर गेला की लोह, मँगनीज, जस्त द्रावणात असूनही मुळांना मिळेनासे होतात. झाडाने नायट्रेट शोषले की सामू चढतो, अमोनियम शोषले की उतरतो. त्यामुळे खतातील नत्र कोणत्या रूपात आहे हे पाहणे महत्त्वाचे. दुसरी विद्युत वाहकता, म्हणजे ईसी. टाकीतला ईसी वाढत असेल तर झाड क्षारांपेक्षा पाणी जास्त पीत आहे. तेव्हा साधे पाणी घालायचे. ईसी घटत असेल तर खत कमी पडते आहे. मात्र ईसी एकूण क्षार सांगतो, त्यांतला कोणता संपला ते सांगत नाही. त्यामुळे पाणी भरत राहण्यापेक्षा ठरावीक काळाने टाकी पूर्ण रिकामी करणे चांगले.

कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट-फॉस्फेटची खते घट्ट स्वरूपात एकत्र केली तर साका बसतो. म्हणूनच ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन वेगळ्या बाटल्या असतात. त्या भरपूर पाण्यात, एकामागून एक मिसळायच्या.

पानांवरची लक्षणे वाचताना आधी जागा पाहावी. नत्र, पोटॅशियम, मॅग्नेशियम झाडात फिरतात. त्यांची उणीव खालच्या जुन्या पानांवर दिसते. लोह आणि कॅल्शियम फारसे फिरत नाहीत, त्यामुळे तिथे शेंड्याची पाने बोलतात. ऊस उत्पादकांच्या ओळखीचा केवडा, म्हणजे शिरा हिरव्या आणि मधले पान पिवळे, हे लोहाच्या उणिवेचे नेहमीचे रूप. पण पान पिवळे दिसताच खत वाढवणे ही घरगुती बागेतली सर्वांत घातक सवय आहे. दोष बहुधा सामूत असतो, आणि पानांची टोके करपत असतील तर खत आधीच जास्त झालेले असू शकते. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी विहिरी-बोअरचे पाणी जड असते. त्यातील बायकार्बोनेट सामू वर ढकलत राहतात. तिथे पाण्याची तपासणी करून मगच खताचे प्रमाण ठरवावे.

कॅनडात २०१८ पासून (बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडे) आणि जर्मनीत २०२४ पासून (प्रत्येक प्रौढास तीन) गांजाची घरगुती लागवड कायदेशीर झाल्याने या तंत्राकडे नवा वर्ग वळला. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली विनापरवाना लागवड हा गुन्हा असून दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. त्या देशांतील हौशी लोकांत फुलोऱ्यात फॉस्फरसचा मारा करण्याची रूढी आहे. अमेरिकेतील युटा स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगांत मात्र जादा फॉस्फरसने उत्पन्न वाढले नाही; त्याचा बराच भाग निचऱ्याच्या पाण्यातून वाहून गेला.