पार्श्वभूमी: २००८ चं संकट आणि 'प्राइम' या शब्दाचा घोळ

ठाण्यात घोडबंदर रोडला किंवा नवी मुंबईत खारघरला २००४-०५ च्या सुमारास कर्ज काढून घर घेतलेल्यांना २००८ चं जागतिक संकट आठवतं ते शेअर बाजारामुळे नाही, हप्त्यामुळे.

मूळ अमेरिकेत. तिथल्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदर २००३ मध्ये १ टक्का होता, जून २००६ पर्यंत ५.२५ टक्के झाला. स्वस्ताईत ऐपत न बघता दिलेल्या घरकर्जांचे रोखे करून ते जगभर विकले गेले होते. घरांच्या किमती उतरताच त्यांची रद्दी झाली. मार्च २००८ मध्ये एका गुंतवणूक बँकेला सरकारी आधाराने वाचवलं, १५ सप्टेंबरला तिच्याहून मोठीला बुडू दिलं. मग बँका एकमेकींनाच उसने देईनात.

आपल्याकडून परदेशी पैसा निघाला, ऑक्टोबरपासून निर्यात वर्षभर घटत राहिली. रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ज्या दराने ती बँकांना उसने देते) ९ टक्क्यांवरून एप्रिल २००९ पर्यंत ४.७५ वर आणला. गृहकर्जं स्वस्त झाली, पण नव्या ग्राहकांची.

अमेरिकेत 'सबप्राइम' म्हणजे कमी पतीचा कर्जदार, त्याला व्याज जास्त. आपल्याकडे 'सब-पीएलआर' म्हणजे प्राइम दराहून (प्राइम लेंडिंग रेट, बँकेने स्वतः ठरवलेला पायाभूत कर्जदर) स्वस्त कर्ज, म्हणजे नेमकं उलट. १९९४ मध्ये मोठ्या कर्जांचे दर ठरवायची मोकळीक बँकांना मिळाली, तेव्हा 'प्राइम' हा उत्तम पतीच्या ग्राहकाचा दर होता. २००८ पर्यंत निम्म्याहून अधिक कर्जं त्याच्याही खाली दिली जात होती. गृहकर्जाचा करार असायचा 'प्राइम वजा अमुक टक्के'. दर चढताना बँक प्राइम चढवायची आणि जुन्यांचाही दर चढायचा. उतरताना मात्र प्राइम फारसा हलायचा नाही. नव्यांना 'वजा' वाढवून मिळायचं, जुन्यांचं करारात गोठलेलं. 'फ्लोटिंग' म्हणून सही केलेला दर एकाच दिशेने तरंगत होता.

२० लाखांचं, ८ टक्क्यांचं, २० वर्षांचं कर्ज घ्या. हप्ता १६,७२९ रुपये. चार वर्षांनी बाकी १८ लाख. दर १२ टक्के झाला तर महिन्याचं व्याजच १८,०००. म्हणजे जुन्या हप्त्यात व्याजसुद्धा फिटत नाही. त्याच इमारतीत २००९ मध्ये घर घेणाऱ्याला पहिलं वर्ष ८ टक्क्यांनी मिळत होतं.

बँका म्हणत, आमच्या ठेवी महाग व्याजाच्या आहेत. खरंच होत्या. पण दर चढवताना आधीच्या स्वस्त ठेवींचा हिशेब जुन्या कर्जदाराला कुणी दिला नव्हता. दुसऱ्या बँकेत कर्ज न्यावं, तर बाकीवर साधारण २ टक्के दंड.

जुलै २०१० मध्ये प्राइमच्या जागी बेस रेट, म्हणजे बँकेचा किमान कर्जदर आला, त्याखाली कर्ज देणं जवळपास बंद झालं. बँकांच्या फ्लोटिंग गृहकर्जांवरचा मुदतपूर्व फेडीचा दंड २०१२ मध्ये गेला. २०१६ मध्ये एमसीएलआर, म्हणजे बँकेला नवा पैसा उभारायला येणाऱ्या खर्चावरून ठरणारा दर आला, तरी रेपोची कपात जुन्यांपर्यंत रेंगाळतच पोचायची. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी फ्लोटिंग गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधावी लागली, आणि तीन महिन्यांतून एकदा तरी दर बदलणं सक्तीचं झालं. हा नियम बँकांपुरता होता. गृहवित्त कंपन्यांच्या मंजुरीपत्रांत 'प्राइम' त्यानंतरही राहिला.