लेखक-चित्रपटकार संवाद (मराठवाडा)

लेखक-चित्रपटकार संवाद : कथा, कविता, आत्मकथन लिहिणारे लेखक आणि मोठ्या निर्मितीसंस्थेच्या पैशाशिवाय चित्रपट, माहितीपट, लघुपट करणारे स्वतंत्र चित्रपटकार यांना वाचक-प्रेक्षकांसमोर बसवून, त्यांच्या कलाकृतीच्या निमित्ताने जात, जमीन, मजुरी आणि बाईमाणसाचे जगणे यांविषयी होणारी जाहीर प्रश्नोत्तरे. गावोगाव याची नावे वेगळी: ‘लेखक आपल्या भेटीला’, ‘प्रकट मुलाखत’, ‘चित्रपट आणि चर्चा’, किंवा जयंतीच्या व्याख्यानमालेतले एखादे पुष्प. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद), जालना, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी आणि हिंगोली या आठ जिल्ह्यांत ही प्रथा चांगली रुजलेली आहे. इथे समोर बसलेला माणूस पुष्कळदा त्या कलाकृतीचा विषयही असतो. ऊसतोडीवरची कथा ऐकणाऱ्यांत ऊस तोडून आलेले लोक असतात. गायरानावरचा माहितीपट पाहणाऱ्यांत गायरान कसणारे असतात. त्यामुळे ‘कथा सुचली कशी?’ या प्रश्नावरून बोलणे ‘सातबारा कोणाच्या नावावर आहे?’ या प्रश्नावर यायला वेळ लागत नाही.

नागसेनवन आणि मिलिंद

या प्रथेचे आधुनिक घर शोधायचे तर औरंगाबादच्या नागसेनवनात जावे लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली इथे महाविद्यालय काढले. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता आणि निजामी राजवट संपून दोनच वर्षे झाली होती. बाबासाहेबांनी महाविद्यालयाला ‘मिलिंद’ हे नाव दिले आणि परिसराला ‘नागसेनवन’. दोन्ही नावे ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथातली. हा सबंध ग्रंथच एक संवाद आहे. ग्रीक राजा मिलिंद प्रश्न विचारतो, भिक्खू नागसेन उत्तरे देतो.

या ग्रंथातली एक जागा प्रस्तुत विषयाच्या मुळाशी जाते. चर्चेला बसण्याआधी नागसेन राजाला अट घालतो: पंडित बोलतात तसे बोलणार असाल तर बोलू, राजे बोलतात तसे बोलणार असाल तर नको. पंडितांच्या वादात एकजण दुसऱ्याचे म्हणणे खोडतो, चूक दाखवतो, चूक मान्य करतो, आणि कोणी रागावत नाही. राजा मात्र आपले मत मांडतो आणि ते न मानणाऱ्याला शिक्षा फर्मावतो. मिलिंद ही अट मान्य करतो, आणि पुढे वादात हरल्यावर तेही प्रांजळपणे कबूल करतो. ज्यांच्या आजा-पणजाला चावडीवर तोंड वर करून बोलायची सोय नव्हती, अशा घरांतली मुले ज्या महाविद्यालयात शिकायला येणार होती, त्याला हे नाव दिले गेले. मराठवाड्यातला कुठलाही लेखक-संवाद जोखायला नागसेनाची ही एक अट पुरते: बोलणाऱ्यांपैकी राजा कोणी झाला का?

याच परिसरात १९६७ साली ‘अस्मिता’ या नावाने नियतकालिक निघाले. ते पुढे ‘अस्मितादर्श’ झाले. गंगाधर पानतावणे यांनी ते सुमारे अर्धशतक सांभाळले. दलित साहित्याच्या इतिहासात या नियतकालिकाचे स्थान सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या लेखक-वाचक मेळाव्यांची दखल मात्र त्या मानाने कमी घेतली जाते. ‘लेखक-वाचक’ असा जोडशब्दच त्या मेळाव्यांनी रुळवला. नुकती पहिली कविता छापून आलेला शिक्षक, न छापलेल्या कवितांची वही घेऊन आलेला पोरगा आणि नाव झालेला लेखक एकाच मांडवात बसत. पुढे स्वतःचे पुस्तक लिहिणारे कितीतरी जण आधी अशा मांडवात नुसते ऐकून गेलेले असत.

जुनी मुळे

मराठीतला पहिला महत्त्वाचा गद्यग्रंथ ‘लीळाचरित्र’ हा तेराव्या शतकातला. तो घडला विचारपूस करून. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींना पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांना गाठून आठवणी गोळा केल्या. त्या लीळांमध्ये पैठणचा परिसर आहे, जातिभेद न मानणारे आणि बाईच्या विटाळाची कल्पना झुगारणारे स्वामी आहेत, आणि त्यांना सतत प्रश्न विचारणारी महदाइसा आहे. आद्य मराठी कवयित्री म्हणून तिचे नाव घेतले जाते. प्रश्नकर्ती म्हणूनही ते घ्यायला हवे.

सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला. दोघे एकमेकांच्या धर्माचे वाभाडे काढतात आणि शेवटी समेटाला येतात. एकनाथांनी महाराच्या तोंडी घातलेली जोहाराची भारुडेही प्रसिद्ध आहेत. आजच्या संवादांत ही भारुडे निघाली की एक प्रश्न हमखास येतो: बोलतो महार, पण लिहितात नाथ, मग आवाज कोणाचा? नाथांच्या करुणेबद्दल शंका न घेताही हा प्रश्न विचारता येतो. मराठवाड्याबाहेरून कॅमेरा घेऊन येणाऱ्या प्रत्येक चित्रपटकाराला तो लागू पडतो.

नामांतराचा काळ

२७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जळाली, माणसे मारली गेली, कुटुंबे गाव सोडून गेली. नामविस्तार होऊन ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव लागले ते १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत एकाच महाविद्यालयात, एकाच स्टाफरूममध्ये बसणारे मराठी लेखक-प्राध्यापक परस्परविरोधी बाजूंना उभे राहिले. पुरोगामी म्हणवणाऱ्यांतही फूट पडली. त्या काळातली अबोला धरलेली मने पुढच्या पिढीला वारशाने मिळाली. आजही एखाद्या कार्यक्रमात नामांतराचा विषय निघाला की सभागृहातली कुजबुज थांबते आणि वयस्क माणसे खाली बघतात. हा विषय नीट बोलून झालेला नाही, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी लोक जमतात. कमानीला अभिवादन करून झाले की पुस्तकांच्या दुकानांपाशी गर्दी होते. इथे लेखक स्वतः टेबलामागे उभा असतो. पन्नास-शंभर रुपयांची पुस्तिका हातात घेऊन एखादा माणूस ती चाळतो, मागचा मजकूर वाचतो आणि विचारतो, “हे तुम्हीच लिहिलं का?” तिथल्या तिथे दहा मिनिटे बोलणे होते. त्याला माइक लागत नाही, सूत्रसंचालक लागत नाही आणि आभारप्रदर्शनही लागत नाही.

आत्मकथने आणि घरातून येणारा प्रश्न

लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ साली आले. त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जन्माने गुन्हेगार असा शिक्का मारलेल्या जमातीतल्या माणसाने पोट, पोलीस आणि शाळा यांविषयी लिहिले होते. बीड जिल्ह्यातले एकनाथ आवाड यांचे वडील पोतराज. आवाडांनी दलितांच्या गायरान जमिनींसाठी मानवी हक्क अभियानातून आयुष्यभर लढा दिला. त्यांच्या आत्मकथनाचे नाव ‘जग बदल घालुनी घाव’, अण्णा भाऊ साठ्यांच्या गीतातल्या ओळीवरून घेतलेले. परभणीचे आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गावातली सत्ता सुताच्या धाग्याने कशी विणलेली असते, हे त्यांच्या कथा दाखवतात.

अशा लेखकांशी बोलताना शहरातला वाचक विचारतो, “तुम्ही एवढं सगळं सोसलं कसं?” लेखकाच्या स्वतःच्या समाजातला वाचक वेगळे विचारतो: आपल्या घरातले चव्हाट्यावर का आणले? आईचे नाव का घातले? पुस्तक विकले गेले, त्यातले वस्तीला काय मिळाले? दुसरा प्रश्नसंच जास्त बोचतो आणि त्याला तयार उत्तर नसते. आत्मकथन लिहिणाऱ्याला सामाजिक न्यायाचा हिशोब दोन दारांत द्यावा लागतो, सरकारच्या दारात आणि स्वतःच्या घराच्या. चांगला मुलाखतकार दुसरे दार बंद करत नाही.

पडदा लावल्यावर

चित्रपटकारांशी संवाद तुलनेने अलीकडचा. छत्रपती संभाजीनगरला भरणाऱ्या अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात खेळानंतर दिग्दर्शकाला प्रश्न विचारायची सोय असते आणि विद्यापीठातल्या तरुणांची तिथे गर्दी होते. तालुक्याच्या गावी परिस्थिती वेगळी आहे. जुनी टॉकीज बंद पडून तिथे मंगल कार्यालय किंवा गोडाऊन झालेले. मग शाळेच्या हॉलमध्ये, बुद्धविहारात किंवा समाजमंदिरात पांढरी चादर ताणायची, प्रोजेक्टर कोणाकडून तरी मागून आणायचा, लाइट जाईल म्हणून इन्व्हर्टरची सोय बघायची आणि अंधार पडायची वाट पाहायची. पुढे लहान पोरे सतरंजीवर, मागे माणसे खुर्च्यांवर, बाया दाराशी उभ्या.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) मराठवाड्यात घडत नाही, पण इथल्या चर्चांत तो वारंवार येतो. एक कारण त्याचे नाव. फँड्री म्हणजे डुक्कर, हा कैकाडी बोलीतला शब्द. गावाबाहेरची बोली थेट पोस्टरवर आली, याचेच अप्रूप अनेकांना वाटले. दुसरे कारण शेवटचा दगड. चित्रपटातल्या जब्या या मुलाने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या, म्हणजे प्रेक्षकाच्या दिशेने येतो. तो दगड कोणासाठी होता, यावर वाद घालताना माणसे नकळत आपण गावात कुठल्या आळीला राहतो ते सांगून जातात.

हंगाम ही इथली मोठी अडचण. दिवाळीच्या आसपास बीड आणि लगतच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. त्या महिन्यांत वस्तीत म्हातारी माणसे आणि थोडी पोरे उरतात. चित्रपट महोत्सव आणि साहित्य संमेलने मात्र बहुधा हिवाळ्यातच भरतात. ज्यांच्याविषयी बोलायचे ते फडात आणि बोलणारे मंचावर. म्हणून जाणते कार्यकर्ते असे कार्यक्रम एप्रिलमध्ये, ११ तारखेची फुले जयंती ते १४ तारखेची आंबेडकर जयंती या दिवसांत ठेवतात, किंवा १ ऑगस्टला अण्णा भाऊंच्या जयंतीला.

टोळी परतल्यावर ऊसतोडीवरची फिल्म दाखवली, तर पारख कशी होते ते ऐकण्यासारखे असते. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो, हे दिग्दर्शकाने नीट दाखवले का? मुकादमाकडून घेतलेली उचल हंगाम संपूनही फिटत नाही, हा हिशोब बरोबर मांडला का? आजारपणाने एक दिवस काम बुडाले तर कापला जाणारा खाडा आला का? मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईची मान कशी राहते, हे नटीला साधले नसेल तर मागच्या बाया हसतात. आणि त्याच बायांपैकी एखादी उठून कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, न्हाणीला आडोसा नसतो, पाळीतही सुट्टी नसते, हे बोलून जाते. बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्यानंतर पत्रकार आणि माहितीपट करणारे या भागात मोठ्या संख्येने आले. बायांनी त्यांच्यापुढे तेच दुःख पुन्हा पुन्हा सांगितले. ‘आता किती जणांना सांगायचं?’ हा प्रश्नही संवादाचाच भाग आहे, आणि तो ऐकून कॅमेरा बंद करणारा चित्रपटकार प्रस्तुत लेखकाला मोठा वाटतो.

माइक कोणाच्या हातात

बहुतेक कार्यक्रमांत दीपप्रज्वलन, सत्कार, शाल-श्रीफळ आणि प्रास्ताविकातच तासभर जातो. प्रश्नांना उरतात पंधरा मिनिटे. पहिला माइक जातो प्राध्यापकाकडे, दुसरा पुढाऱ्याच्या माणसाकडे, आणि त्यांचे प्रश्न प्रश्न नसून भाषणे असतात. बायांसाठी काही ठिकाणी चिठ्ठ्या फिरवतात. वहीचा कागद फाडून, नाव न घालता लिहिलेल्या या चिठ्ठ्यांत सर्वांत धीट प्रश्न सापडतात: हुंडा, दारू, शेतात नाव, जातीबाहेर लग्न केलेल्या मुलीचे पुढे काय झाले. चिठ्ठी वाचणारा सूत्रसंचालक नको तो प्रश्न गाळू शकतो, हा या पद्धतीतला धोका. काही संयोजक आता सगळ्या चिठ्ठ्या लेखकाच्याच हातात देतात.

मंच वेगळा करूनही हा प्रश्न सोडवायचे प्रयत्न झाले. एप्रिल २०२२ मध्ये उदगीरला ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याच सुमारास त्याच गावात त्याला पर्याय म्हणून विद्रोही साहित्य संमेलनही भरले. पुष्कळ वाचक दोन्हीकडे जाऊन आले.

उणिवा उघड आहेत. मराठवाड्यात मुस्लिम लोकसंख्या मोठी, दखनी-उर्दूची परंपरा जुनी, पण मुशायऱ्याचा श्रोता आणि मराठी लेखक-संवादाचा श्रोता एका सतरंजीवर क्वचित बसतो. बंजारा तांड्यांची गोरबोली आणि पारध्यांची बोली मंचावर येते ती बहुधा गाण्यापुरती, प्रश्न विचारायला नाही. काही ठिकाणी तांड्यावरच पडदा नेऊन, आधी गोरबोलीत चर्चा आणि मग पाहुण्यांसाठी मराठीत सारांश, असा उलटा क्रम ठेवला जातो. तेव्हा दिग्दर्शकाला अर्धा तास काही न कळता बसून राहावे लागते, आणि शेजारी बसलेली एखादी शाळकरी मुलगी त्याला हळू आवाजात अर्थ सांगत असते.