घटिकापात्र

घटिकापात्र : एक घटका मोजण्याचे पाण्यावरचे साधन, घटिकायंत्र, घटीयंत्र अशीही नावे. घटका म्हणजे ६० पळे, आजची २४ मिनिटे. दोन घटकांचा मुहूर्त, ६० घटकांचे अहोरात्र. तांब्याच्या अर्धगोल वाटीच्या बुडाला बारीक छिद्र असते. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती सोडली की पाणी आत चढते आणि घटका भरली की वाटी तळ गाठते. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी होणारा तिचा उपयोग सर्वपरिचित आहे.

वेदांगज्योतिष हा प्राचीन ज्योतिषग्रंथ व कौटिल्याचे अर्थशास्त्र यांतील नाडिकेचे (नालिका, म्हणजे घटका) साधन याहून वेगळे दिसते. अर्थशास्त्रात कुंभाच्या छिद्रातून एक आढक (जुने माप) पाणी गळून जाण्याचा काळ ती नालिका. बुडणारी वाटी बहुधा इ. स. ५०० च्या आसपासच्या ज्योतिषग्रंथांपासून आढळते. वेदांगज्योतिषात सर्वांत मोठा दिवस १८ मुहूर्तांचा, सर्वांत लहान १२ मुहूर्तांचा. हेच ३:२ प्रमाण बाबिलोनी गणितात असल्याने विज्ञानेतिहासकार डेव्हिड पिंग्री यांनी ते तिकडून आल्याचे मानले. मात्र सुमारे ३५° उत्तर अक्षांशाला, म्हणजे वायव्य भारतातही, ते साधारण जुळते. तेव्हा उसनवारीची निकड दिसत नाही. पुण्याला मात्र ते लागू नाही. येथे सर्वांत मोठा दिवस सुमारे ३३ घटकांचा, ३६ चा नव्हे. बुडणाऱ्या वाटीच्या उगमाचा प्रश्न यातून सुटत नाही, तो निराळाच आहे.

लल्ल या प्राचीन ज्योतिष्याने दिलेले माप असे : तांबे १० पळे (हे वजनाचे पळ), उंची ६ अंगुळे (बोटाच्या रुंदीचे माप), तोंड १२ अंगुळे आणि ३ १/३ माष (लहान वजन) सोन्याची ४ अंगुळे लांब सुई जाईल एवढे छिद्र. भास्कराचार्यांना असले माप युक्तिशून्य वाटले, आणि ते रास्त होते. आतल्या-बाहेरच्या पाण्याच्या पातळीतला फरक वाटीच्या वजनावर ठरतो, त्यामुळे एकच छिद्र जड वाटीला लवकर बुडवते आणि हलकीला उशिरा. म्हणून छिद्र आधी लहान पाडून, वेळ ताडून पाहत थोडे थोडे रुंदावणे हाच खरा मार्ग. ताडण्यासाठी ६० गुरू अक्षरांचा श्लोक संथ म्हणत. एकदा म्हटला की एक पळ, साठदा म्हटला की घटका.

पत्र्याची जाडी सारखी नसली तर वाटी कलते. पुण्याच्या तांबट आळीत हातोडीने पत्रा ठोकण्याच्या ज्या कामाला मठारकाम म्हणतात, त्या ठोक्यांत हात सारखा हवा. चिंचेने वारंवार घासल्यास छिद्राच्या कडा झिजून घटका आखूड होते. जड पाण्याचा क्षार साचला की लांबते. उन्हात तापलेले पाणी छिद्रातून भरभर चढते, म्हणून घंगाळ सावलीत ठेवावे. वाटी आतून कोरडी हवी, पण छिद्र ओले करून सोडावी, नाहीतर हवेचा बुडबुडा अडकतो.

पंचांगातली घटी (म्हणजे घटका) व पळे सूर्योदयापासून धरतात. सूर्योदय ६ वाजून १० मिनिटांनी असेल, तर १५ घटी ३० पळे म्हणजे ३७२ मिनिटे, अर्थात दुपारचे १२ वाजून २२ मिनिटे. सूर्योदय गावागणिक बदलतो : मुंबई-पुण्याच्या रेखांशातला सुमारे एक अंशाचा फरक चार मिनिटांचा, म्हणजे १० पळांचा.

घटका भरल्यावर थाळीवर टोला देत. ‘किती वाजले’ मधले वाजणे असल्याच टोल्यांचे असावे. ‘तास’ हा शब्द फार्सी ‘तास’ (वाटी, कटोरा) यावरून थाळीला आणि तिच्यावरून कालमानाला आला, असे दिसते. एका तासात मात्र अडीच घटका बसतात.