‘डब्ल्यूएमआयसी प्रॉडक्ट’ फक्त यादी दाखवत नाही

विंडोजवरचं सॉफ्टवेअर कमांड लाइनवरून, वापरणाऱ्याच्या स्क्रीनवर काहीही न दाखवता काढायचं असेल, तर एक सल्ला हमखास मिळतो: आधी ‘डब्ल्यूएमआयसी प्रॉडक्ट’ ही बसवलेल्या सॉफ्टवेअरची यादी देणारी कमांड चालवून नावं बघा, नुसतं बघण्यानं काही बिघडत नाही. हे खरं नाही.

ही कमांड विंडोजमधल्या ‘विन३२ प्रॉडक्ट’ या माहितीच्या क्लासकडे विचारणा करते. तेवढ्यानं विंडोज इन्स्टॉलर मशीनवरच्या प्रत्येक एमएसआय पॅकेजची (म्हणजे विंडोज इन्स्टॉलरनंच बसवलेल्या सॉफ्टवेअरची) तपासणी सुरू करतो आणि काही कमी-जास्त आढळलं तर दुरुस्तीही करू लागतो. ॲडमिननं मुद्दाम बदललेली सेटिंग्ज त्यात पूर्ववत होऊ शकतात. ॲप्लिकेशन लॉग उघडा, १०३५ क्रमांकाच्या नोंदींची रांगच दिसेल. ऑफिसच्या वेळेत सगळ्या मशीनवर ही कमांड सोडणं मला तरी बेजबाबदारपणाचं वाटतं. शिवाय यादी अपुरीच: एमएसआयखेरीज इतर पद्धतीनं बसवलेली सॉफ्टवेअर तिच्यात येत नाहीत.

खरी माहिती रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातल्या) ‘अनइन्स्टॉल’ कीखाली असते. ६४ बिट विंडोजवर ३२ बिट सॉफ्टवेअरसाठी ‘वाव६४३२नोड’खालीही बघावं लागतं, आणि एकाच युजरपुरतं बसवलेलं त्या युजरच्या शाखेत सापडतं. रजिस्ट्री नुसती वाचल्यानं कुठलीही तपासणी सुरू होत नाही. सॉफ्टवेअर एमएसआयचं असेल तर तिथला प्रॉडक्ट कोड (त्या सॉफ्टवेअरचा ओळख क्रमांक) घ्या आणि ‘एमएसआयएक्झेक’ या विंडोज इन्स्टॉलरच्या कमांडला एक्स (काढा), क्यूएन (स्क्रीनवर काही दाखवू नका) व नोरीस्टार्ट (रीस्टार्ट करू नका) हे स्विच द्या. उत्तरादाखल ३०१० आलं तर काम झालेलं असतं, फक्त रीस्टार्ट बाकी असतो; स्क्रिप्टमध्ये त्याला अपयश धरू नका.