स्थलांतरावरचं कॉमिक्स हे हल्लीचं फॅड? छे!

कॉमिक्सचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतंच, की पूर्वी सगळं सुपरहिरो आणि हाणामारी होती, हे देश सोडून जाणं, बॉर्डर ओलांडणं वगैरे सिरीयस मॅटर गेल्या वीस-तीस वर्षांत आलं. चूक आहे हे, साफ चूक.

हेन्री योशिताका कियामा नावाचा जपानी माणूस १९०४ मध्ये चित्रकला शिकायला सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि तिथल्या अनुभवांवर त्याने ५२ भागांचं कॉमिक काढलं, जे १९३१ साली पुस्तक म्हणून आलं. म्हणजे सुपरमॅनच्याही सात वर्षं आधी! चार जपानी पोरं अमेरिकेत उतरतात, घरगडी म्हणून राबतात, मालकिणीचं बोलणं कळत नाही म्हणून गोंधळ घालतात, मग १९०६ चा भूकंप, फ्लूची साथ, आणि शेवटी जपान्यांना दारं बंद करणारा १९२४ चा कायदा. सगळं हसतखेळत, पण आत जखम आहेच.

खरी गंमत संवादांच्या फुग्यांमध्ये आहे. पोरं आपसात बोलली की जपानी, गोऱ्यांशी बोलली की मोडकंतोडकं इंग्रजी, तेही हाताने लिहिलेलं. आता दोन्ही भाषा येणारा वाचक कोण, तर त्यांच्यासारखेच स्थलांतरित. त्यामुळे जपानमध्ये ते अर्धं कळायचं आणि अमेरिकेत अर्धं, मग विसरलं जाणारच ना. पूर्ण इंग्रजी अनुवाद आला थेट १९९९ मध्ये, फ्रेडरिक शॉट यांनी केलेला.