कृत्रिम पाय : बसवणी, सराव आणि गोव्यातील वापर

अपघात, आजार किंवा जन्मजात उणीव यांमुळे नसलेल्या पायाच्या जागी बसवण्याचे साधन म्हणजे कृत्रिम पाय. आपल्याकडे सरसकट ‘जयपूर फूट’ म्हणण्याची सवय आहे, पण जयपूर फूट हे मुळात एका विशिष्ट प्रकारच्या पावलाचे नाव. पूर्ण पायात पावलाखेरीज नळी, गरज असल्यास गुडघ्याचा सांधा, आणि उरलेला पाय ज्यात बसतो तो साचा, म्हणजे ‘सॉकेट’, एवढे भाग असतात. कापल्यानंतर उरलेल्या भागाला दवाखान्यात ‘स्टंप’ म्हणतात. या नोंदीत तोच शब्द वापरला आहे.

ही कल्पना फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात विश्पलेची कथा येते. लढाईत तिचा पाय तुटतो आणि अश्विनीकुमार तिला लोखंडाचा पाय देतात, तोही पुन्हा रणात उतरता यावे म्हणून. आधुनिक भारतात पुण्याचे लष्करी कृत्रिम अवयव केंद्र दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली उभे राहिले. पुढे तेथे नागरिकांवरही उपचार होऊ लागले. कृत्रिम अवयव बनवणारी कानपूरची सरकारी कंपनी अलिम्को १९७२ ची. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात १९६० च्या दशकाच्या अखेरीस कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबर व लाकूड वापरून जे पाऊल घडवले, त्याने मात्र या क्षेत्राची दिशाच बदलली. परदेशी पाऊल बुटात घालण्यासाठी बनलेले होते. जयपूरचे पाऊल अनवाणी चालते, चिखलात जाते, घोट्यात वाकते, त्यामुळे उकिडवे बसता येते. सेठी यांना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांच्या हातांचे श्रेय तितक्याच ठळकपणे सांगितले पाहिजे.

गोव्यात पाय गमावण्याची कारणे दोन बाजूंनी येतात. एक रस्त्यावरची : दुचाकी हेच इथले घरोघरचे वाहन, त्यामुळे तरुण वयातले अपघात. दुसरी मधुमेहाची. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्वाधिक आढळले ते गोव्यात, २६.४ टक्के. साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की पावलाची संवेदना जाते. मळ्यात काटा रुततो, चप्पल चावते, पण कळत नाही. जखम चिघळून गँगरीन होते आणि पाय कापावा लागतो. यातली पुष्कळशी शस्त्रक्रिया टळण्यासारखी असते, रोज रात्री तळपाय आरशात पाहण्याइतक्या साध्या सवयीने. दुसरा पाय वाचवायचा असेल तर ही सवय शस्त्रक्रियेनंतर अधिकच जरुरीची.

पाय मिळाला की माणूस चालू लागतो, हा समज नुकसान करतो. खरे काम त्याआधी सुरू होते. टाके सुकल्यावर स्टंपला क्रेप बँडेज इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे तिरपे गुंडाळतात, म्हणजे सूज उतरते आणि त्याला निमुळता आकार येतो. घरची माणसे मायेने गुडघ्याखाली उशी देतात. ती देऊ नये. सांधा वाकलेल्या स्थितीत आखडला तर पुढे कितीही चांगला पाय आणला तरी उपयोग होत नाही. रोज थोडा वेळ पालथे झोपणे हा कंटाळवाणा पण मोलाचा व्यायाम आहे. गुडघा वाचला असेल तर चालणे बरेच सोपे जाते. मांडीतून पाय गेलेल्याला तेवढेच अंतर चालायला कितीतरी जास्त दम लागतो.

मग स्टंपवर प्लास्टरची पट्टी गुंडाळून माप घेतात, त्यातून हुबेहूब ठोकळा ओततात, तो कारागीर कानशीने घासतो. भार सहन करणाऱ्या जागी खोल, हाड टेकते तिथे सैल. सॉकेट या ठोकळ्यावर चढते. दोन-चार मिलिमीटरची चूक म्हणजे फोड आणि कोपऱ्यात पडून राहिलेला पाय. शिवाय पहिल्या काही महिन्यांत स्टंप बारीक होत जातो, म्हणून पहिले सॉकेट बदलावेच लागते. एका दिवसाच्या शिबिरात पाय वाटून संपणारे काम हे नव्हे. वाटपाच्या आकड्यांपेक्षा सहा महिन्यांनी तो पाय कोण वापरतो आहे, हे विचारायला हवे.

रोजचे पाय चढवणे असे : पलंगाच्या कडेला बसून सुती मोजा सुरकुती न पडू देता वर ओढायचा, सॉकेटमध्ये स्टंप हलकेच दाबत उभे राहायचे, दोन पावले टाकून अंदाज घ्यायचा. दुपारनंतर स्टंप आकसला की आत खडखडते, तेव्हा आणखी एक मोजा चढवायचा. संध्याकाळी काढल्यावर लाली दिसते. ती थोड्या वेळात गेली तर ठीक, राहिली तर सॉकेट दाखवायला न्यायचे. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कृत्रिम, हा धडा समांतर दांड्यांमध्ये शेकडो वेळा गिरवावा लागतो.

गोव्याची हवा आणि घरे या सरावाची कसोटी पाहतात. दमट उकाड्यात सॉकेटमध्ये घाम साचतो, म्हणून जादा मोजे पिशवीत ठेवावे लागतात. समुद्राची खारी वाळू सांध्यात शिरली की तो गंजतो. पावसाळ्यात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीचा उतरता, ओला लोखंडी पत्रा तर नव्याने चालणाऱ्याला डोंगराएवढा वाटतो. तिथे काठी वापरण्यात कमीपणा नाही. उलट जमेची बाजूही इथलीच : देवळात चप्पल काढावी लागते, चवथीला आरतीनंतर पंगतीला जमिनीवर बसावे लागते, आणि नेमके तेच जयपूर पावलाला जमते. मांडी घालणे मात्र मांडीतून पाय गेलेल्याला अवघडच. त्याला खुर्ची आधीच मांडून ठेवावी, सर्वांसमोर उठून आणायला लावू नये.

आत्मविश्वास म्हटला की नर्तिका सुधा चंद्रन यांचे उदाहरण हमखास येते. १९८१ च्या अपघातानंतर पाय गमावून, जयपूर फूट लावून त्या १९८४ साली पुन्हा रंगमंचावर आल्या. ते खरोखरच मोठे आहे. पण बहुतेकांना परत हवे असते ते साधे : रात्री कुणाला न उठवता न्हाणीघरात जाणे, पोदेराची (पाववाल्याची) सायकल वाजली की दारापर्यंत जाऊन पाव घेणे, दोन्ही हात मोकळे ठेवून चहाची कपबशी नेणे. कुबड्या हात अडवतात, कृत्रिम पाय ते सोडवतो. काम पुन्हा मिळणे हा पुढचा टप्पा. बाजूला जादा चाके बसवलेली स्कूटर अनेकांना बाजारापर्यंत आणि नोकरीपर्यंत नेते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान चार टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. पणजीत जानेवारी २०२३ मध्ये दिव्यांगांचा पहिला पर्पल फेस्ट हा महोत्सव भरला, तेव्हा असे अनेकजण पाय झाकून न ठेवता गर्दीत वावरले. लोकांच्या नजरेची सवय दोन्ही बाजूंना व्हावी लागते.

नसलेला पाय दुखणे, बोटे वळल्यासारखी वाटणे याला ‘फँटम पेन’ म्हणतात. हे वेड नव्हे. मेंदूतला त्या पायाचा नकाशा अजून शाबूत असतो. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात पुढे आणलेली आरशाची पद्धत काहींना आराम देते : आरशात चांगल्या पायाचे प्रतिबिंब पाहत तो हलवायचा. रुग्णाने हे दुखणे सांगितले तर घरच्यांनी हसण्यावारी नेऊ नये.

हाताचे गणित वेगळे. स्पर्श नसलेला कृत्रिम हात अनेकजण पुढे वापरेनासे होतात आणि एका हातानेच सगळे साधतात. मुलांना तर वाढीबरोबर पाय वारंवार बदलावा लागतो.

सॉकेट रोज ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावे, मोजे धुऊन सावलीत वाळवावे. पाय काढून झोपताना कुबडी पलंगाला हात पोहोचेल अशी टेकवून ठेवावी. अर्धवट झोपेत मेंदूला पाय असल्याचेच वाटते, आणि माणूस त्याच्यावर भार टाकून उभा राहू जातो.