स्केटबोर्डिंग व अस्मिता

चाकांच्या फळीवर उभ्याने तोल सांभाळत कसरती करण्याचा हा खेळ समाजशास्त्रात मुख्यतः तरुणांच्या उपसंस्कृतीच्या संदर्भात अभ्यासला जातो. त्याचा उगम सामान्यतः १९५० च्या दशकातील कॅलिफोर्नियात, सर्फिंग करणाऱ्यांच्या वर्तुळात मानतात. मात्र लाकडी पट्टीला रोलर स्केटची चाके ठोकून मुले त्याआधीही खेळत. म्हणून एकच जनक मानणे सयुक्तिक नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी युरेथेन या चिवट प्लास्टिकची चाके आली आणि खडबडीत रस्त्यावरही पकड मिळू लागली.

‘ऑली’ ही हात न लावता फळीसह घेतलेली उडी. तिचे श्रेय फ्लोरिडाचा स्केटबोर्डपटू ॲलन गेलफँड याला देतात. पण ती वाडग्यासारख्या उतारावरची होती. सपाट जमिनीवरची ऑली रॉडनी म्युलेनने १९८० च्या दशकाच्या आरंभी रूढ केली. अस्मितेच्या दृष्टीने ही दुसरी अधिक महत्त्वाची, कारण तिच्यामुळे पायऱ्या, कठडे, बाक हेच क्रीडांगण झाले. शुल्क, प्रशिक्षक वा पंच यांची गरज उरली नाही.

कृती अशी : मागचा पाय फळीच्या शेपटावर म्हणजे मागच्या टोकावर, पुढचा पाय चाके बसवणाऱ्या पुढील बोल्टांच्या किंचित मागे. शेपूट जमिनीवर आपटताच उडी घ्यायची आणि पुढच्या बुटाची बाहेरची कड फळीवर चिकटवलेल्या खरखरीत पट्टीवर (ग्रिपटेप) घासत पुढे न्यायची. त्याने फळी हवेत समतल होते. भार मागे राहिल्यास फळी पुढे निसटते. बूट घासला नाही तर पुढचे टोक वरच राहते. या घर्षणाने बुटाला करंगळीजवळ भोक पडते. सरावाची ही खूण नवख्याच्या पोशाखाला येत नाही. ‘पोझर’ म्हणजे नुसता वेश घेतलेला, ही पारख समवयस्क अशाच खुणांवरून करतात.

समाजशास्त्रज्ञ बेकी बील यांच्या १९९५ मधील कोलोरॅडोविषयक अभ्यासात स्पर्धेत अंगावर लावायच्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या चुरगळून लावणारे खेळाडू आढळतात. बील यांनी याला औपचारिक क्रीडाव्यवस्थेचा प्रतिकार मानले. पुढील अभ्यासकांनी या खेळाची बाजारपेठेशी असलेली सांगड दाखवली. टोकियो ऑलिंपिकमधील समावेशानंतर (स्पर्धा २०२१ मध्ये झाल्या) प्रतिकार व बाजार एकत्र नांदतात, हे मत अधिक ग्राह्य वाटते. बील यांनी मुलींना मिळणारे दुय्यम स्थानही नोंदवले होते. हा खेळ सर्वांना मोकळा असल्याचा दावा तिथे तोकडा पडतो.

भारतात मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यातील जनवार गावी २०१५ मध्ये स्केटपार्क उभारला गेला. शाळा नाही तर स्केटिंग नाही आणि मुलींना आधी संधी, असे नियम तेथे घालण्यात आले.